“सर, माहिती भेटत नाही” : मराठवाड्यातील प्राचार्य आणि ग्रंथपाल यांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील महाविद्यालयांचे मा. प्राचार्य,
महाविद्यालय विकास समित्यांचे मा. सदस्य
आणि माझे ग्रंथपाल सहकारी यांस

विषय : पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना माहितीचा शोध घ्यायला शिकवण्यासाठी सहा बैठकांची अभ्यासमाला सुरू करण्याबाबत.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, एका अनुदानित महाविद्यालयात मी गेली २२ वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करीत आहे. एवढ्या वर्षांत देवघेवीच्या खिडकीवर मी सर्वाधिक वेळा ऐकलेले वाक्य एकच आहे : “सर, माहिती भेटत नाही.” पुण्या-मुंबईकडचे कोणी जवळ असले तर ते ‘भेटत’ खोडून ‘मिळत’ करतील, पण मला आपल्याकडचे हे क्रियापद अधिक खरे वाटते. मिळणारी वस्तू कोणीतरी हातावर ठेवतो; भेटायचे तर आपल्यालाच उठून जावे लागते. अडचण इतकीच की कुठे जायचे हे या मुलांना आपण कधी सांगितलेले नाही, आणि हे पत्र लिहिण्याचे कारणही तेच आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी सुरू झाल्यापासून पदवीच्या वर्गांना क्षेत्र प्रकल्प आला, पदव्युत्तर पहिल्या वर्षाला संशोधन पद्धती हा चार श्रेयांकांचा विषय आला आणि दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आला. अभ्यासक्रमात गृहीतक आहे, नमुना निवड आहे, प्रश्नावली आहे. मात्र आपल्या विषयावर आधी कोणी काय लिहून ठेवले आहे, ते कुठे आहे आणि तिथवर कसे पोहोचायचे, हा सगळा भाग ‘संदर्भ साहित्याचा आढावा’ या एका मुद्द्यात गुंडाळला जातो. प्राध्यापकांना वाटते की ते ग्रंथालयात शिकवत असतील, ग्रंथपालाला वाटते की ते वर्गात शिकवत असतील, आणि विद्यार्थी दोघांनाही चुकवून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून गेल्या वर्षीचा प्रकल्प मुखपृष्ठ बदलून आणतो. कोणत्या विषयाचा प्रकल्प कोणत्या फोल्डरमध्ये आहे याची त्या दुकानदाराने केलेली मांडणी माझ्या ग्रंथालयाच्या तालिकेपेक्षा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदसूचीपेक्षा, चोख आहे, हे मी स्वतः पाहिले आहे.

माझी विनंती अशी आहे. प्रत्येक महाविद्यालयाने पहिल्या सत्रात, आठवड्यातून एकदा, दीड-दीड तासाच्या सहा बैठका ग्रंथालयातच घ्याव्यात. एका तुकडीत २० हून अधिक विद्यार्थी नसावेत. प्रत्येकाने पहिल्या दिवशी आपल्या गावाशी, घराशी किंवा विषयाशी निगडित असा स्वतःचा एक प्रश्न आणावा आणि सहाही बैठकांत त्याच एका प्रश्नाचा माग काढावा. तालिका, कोश, संकेतस्थळे, शासकीय कागद या साऱ्यांची ओळख त्या प्रश्नाच्या ओघात, गरज पडेल तशी व्हावी. संकेतस्थळांची यादी फळ्यावर लिहून दिल्याने कोणी शोध घ्यायला शिकत नाही, ही गोष्ट मी फजिती करून घेऊन शिकलो आहे.

ती फजितीही सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ‘ई-संसाधनांचा परिणामकारक वापर’ अशा भारदस्त नावाची एक दिवसाची कार्यशाळा घेतली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि अध्यक्षीय मनोगत यांत सव्वा तास गेला. सभागृहात शंभरावर मुले होती, रेंज नेमकी त्याच दिवशी गेली आणि आदल्या रात्री काढून ठेवलेले स्क्रीनशॉट मी एकामागून एक दाखवत राहिलो. एकूण १४ संकेतस्थळे दाखवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, प्रमाणपत्रे घेतली, आणि फोटोंसह अहवाल महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत लागला. पंधरा दिवसांनी पहिल्या रांगेत बसलेला एक मुलगा खिडकीवर आला आणि म्हणाला, “सर, माहिती भेटत नाही.” त्याच्या वहीत चौदाही संकेतस्थळांची नावे सुवाच्य अक्षरात उतरवलेली होती. त्याच्यापाशी प्रश्नच नव्हता, मग त्या नावांचे त्याने करायचे काय?

म्हणून पहिली बैठक पूर्णपणे प्रश्नासाठी ठेवावी आणि त्या दिवशी संगणक सुरूही करू नये. गेल्या वर्षी मी अगदी लहान प्रमाणात हा प्रयोग केला तेव्हा एक विद्यार्थिनी ‘मराठवाड्यातील पाणीटंचाई : एक अभ्यास’ असा विषय घेऊन आली होती. ज्या विषयाच्या शेवटी ‘एक अभ्यास’ असते त्यात अभ्यासाला जागा उरलेली नसते, असे माझे मत झाले आहे. मी तिला तिच्या गावाबद्दल विचारत गेलो. पाणी कुठून येते? उन्हाळ्यात टँकर. त्याआधी? हातपंप. त्याच्याही आधी? “आजी बारवेतून आणायची.” बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आता काय करते? “कचरा टाकतात सर तिच्यात.” लोकांनी तिथले पाणी पिणे केव्हा सोडले, हे तिला माहीत नव्हते आणि मलाही नव्हते. दीड तासाच्या अखेरीस तिच्या वहीत एक वाक्य होते : आमच्या गावच्या बारवेचे पाणी पिणे लोकांनी केव्हा आणि कशामुळे सोडले? ‘मराठवाड्यातील पाणीटंचाई’ शोधले की निबंध निघतात. हे वाक्य हातात असले की हा कागद कोणाच्या कपाटात असेल, असा विचार करता येतो; ग्रामपंचायत, जनगणना, पाणीपुरवठा, आरोग्य, आणि घरची आजी.

दुसरी बैठक कपाटांपाशी. इथे फार वेळ घालवू नये, पण टाळूही नये. पुस्तकांच्या ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक का पडतो, हे एकदा कळले की मूल कपाटासमोर हरवत नाही. मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, तो आता घरबसल्या विनामूल्य वाचता येतो हे बहुतेकांना ठाऊक नसते. केतकरांचा ज्ञानकोश आणि शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची या दोन गोष्टी हातात देऊन पाहाव्यात. एका माणसाने पुस्तकांची यादी करण्यात आयुष्य घातले, याचे या वयातल्या मुलांना भाबडे का होईना आश्चर्य वाटते, आणि त्या आश्चर्यातून पुस्तकाच्या मागची सूची उघडण्याची सवय लागते.

तिसऱ्या बैठकीबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण इथे आपण उसनी शिकवणूक करत आलो आहोत. शोध कसा घ्यावा याच्या पुस्तिका इंग्रजीसाठी तयार झालेल्या असतात. अवतरण चिन्हांत अख्खा शब्दसमूह द्यावा, दोन शब्द ‘आणि’ने जोडावेत की ‘किंवा’ने, एखादा शब्द वगळावा कसा, एकाच संकेतस्थळापुरता शोध कसा मर्यादित करावा, हे त्यात असते आणि ते शिकवलेच पाहिजे. पण मराठी शब्द वाक्यात शिरताना रूप बदलतो. ‘विहीर’ हा शब्द वाक्यात ‘विहिरीत’, ‘विहिरींचा’, ‘विहिरीवर’ होतो. दीर्घ ‘ही’ ऱ्हस्व होते, आणि दोनशे पानांच्या पीडीएफमध्ये ‘विहीर’ शोधणाऱ्याला ‘विहिरीला’ असलेले एकही वाक्य दिसत नाही. ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्याचा’ दिसत नाही. म्हणून शब्दाचे न बदलणारे टोक शोधायचे, एकदा ‘विही’ आणि एकदा ‘विहि’, एकदा ‘पाणी’ आणि एकदा ‘पाण्या’. सामान्यरूप आपण सगळेच शाळेच्या व्याकरणात घोकतो. पुढे आयुष्यात त्याचा काही उपयोग होईल असे कोणाच्या मनातही आलेले नसते. मी हे फळ्यावर मांडले तेव्हा मराठीच्या प्राध्यापिका मागे बसून हसत होत्या.

त्यातही जुन्या मजकुराची रीत वेगळी. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’, ‘विहिरींत’ असे अनुस्वार पदोपदी आहेत. १९३० च्या सालातले पुस्तक आजच्या लेखनाने धुंडाळले की ते रिकाम्या हाताने परत पाठवते. शिवाय ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातील ‘ऱ्या’ संगणकावर दोन प्रकारे टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द असतात. साल देवनागरी आकड्यांत आहे की इंग्रजी, यानेही फरक पडतो. युनिकोड रुळण्यापूर्वी निरनिराळ्या फॉन्टमध्ये तयार झालेल्या कितीतरी मराठी फायली पडद्यावर स्वच्छ वाचता येतात, पण त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे उमटतात. अशा फायलीत शोधाची खिडकी काहीच सापडवू शकत नाही, तिथे अनुक्रमणिका आणि डोळे हीच साधने. गूगलसारखी शोधयंत्रे यातले काही आपणहून सांभाळून घेतात हे खरे, पण ग्रंथालयांच्या तालिका, प्रबंधांची भांडारे आणि पीडीएफमधला शोध सहसा सांभाळत नाहीत, आणि आपल्या विद्यार्थ्याचे काम बहुतेक वेळा तिथेच अडते.

याला जोडून मराठवाड्याची म्हणून एक खास अडचण आहे, आणि ती बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञाला सांगता येणार नाही. आपल्या जिल्ह्यांची नावे आणि हद्दी इतक्या वेळा बदलल्या आहेत की साल न धरता गावाचा शोध घेणे व्यर्थ ठरते. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून निघाला. तेव्हा लातूर तालुक्याची १९७१ ची जनगणना हवी असेल तर उस्मानाबादचा खंड काढावा लागतो, आणि आज त्या जिल्ह्याचे नाव धाराशिव आहे. जालना जिल्हा १९८१ चा, हिंगोली १९९९ चा. १९५१ च्या जनगणनेत आपण हैदराबाद राज्यात होतो, १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात. अंबाजोगाईचा निजामकाळातला उल्लेख मोमिनाबाद या नावाने येतो, आणि जुन्या इंग्रजी कागदांत ‘बीड’चे स्पेलिंग ‘भिर’ किंवा ‘बिर’ असे आढळते. महसुली कागदांवर फसली सन, म्हणजे महसुलासाठीची जुनी कालगणना, असते, त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण जुळते. कागद उर्दूत किंवा मोडीत असेल तर गावातला उर्दू जाणणारा एखादा वृद्ध गृहस्थ किंवा मोडीचा जाणकार एका बैठकीला आवर्जून बोलवावा. त्यांना बसायला खुर्ची आणि बोलायला वीस मिनिटे दिली तर पाहुण्या वक्त्याच्या मानधनाहून अधिक मोलाचे काही पदरात पडते.

नोंदी हा शब्द गेल्या काही वर्षांत आपल्या गावोगावी घरातला झाला आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम सुरू झाल्यापासून खासरा पत्रक, प्रवेश निर्गम नोंदवही, पुराभिलेख हे शब्द पारावर बोलले जाऊ लागले. आरक्षणाच्या वादावर या पत्रात मला काहीही म्हणायचे नाही. पण ‘गॅझेट’ आणि ‘गॅझेटिअर’ या दोन शब्दांची जी सरमिसळ आपण रोज ऐकतो, ती एका बैठकीत दूर करता येते. पहिले म्हणजे शासनाचे राजपत्र, ज्यात अधिसूचना छापल्या जातात, आणि दुसरे म्हणजे प्रदेशाचे वर्णन करणारा ग्रंथ, ज्याला आपल्याकडे दर्शनिका म्हणतात. कोणता कागद कशाचा पुरावा होऊ शकतो हे कळण्याची सुरुवात अशा साध्या भेदांपासून होते.

चौथी बैठक शासकीय कागदांची. आपल्या विद्यार्थ्याला हे कौशल्य पदवीनंतरही लागते, किंबहुना तेव्हाच अधिक लागते. शिष्यवृत्तीची मुदत वाढल्याचा एक शासन निर्णय मध्यंतरी मुलांच्या व्हॉट्सॲपवर फिरत होता. वर बोधचिन्ह, खाली सही, मध्ये नेहमीची भाषा. मी मुलांना शेवटच्या परिच्छेदाकडे बघायला सांगितले. शासन निर्णयात तिथे १८ आकडी संकेतांक दिलेला असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना व दिवस असतो. या कागदावरच्या संकेतांकातला महिना वर छापलेल्या तारखेशी जुळत नव्हता. मग एकाने तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर घातला, तर भलत्याच विभागाचा, दोन वर्षांपूर्वीचा निर्णय उघडला. कोणीतरी जुन्या कागदावर नवी तारीख चढवली होती. ही तपासणी करायला चार मिनिटे लागली. त्या चार मिनिटांनंतर वर्गात जी शांतता पसरली ती मला सभागृहातल्या टाळ्यांपेक्षा समाधान देऊन गेली.

माहिती अधिकाराचा अर्ज याच बैठकीत शिकवावा असा मोह होतो, पण नियोजनाच्या दृष्टीने ते चूक आहे. २००५ च्या कायद्यानुसार उत्तराला ३० दिवसांची मुदत असते; चौथ्या आठवड्यात केलेल्या अर्जाचे उत्तर माला संपल्यावर येणार. म्हणून अर्ज दुसऱ्याच बैठकीच्या शेवटी लिहून घ्यावा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून टाकावा, आणि त्याआधी कायद्याच्या कलम ४ खाली कार्यालयाने आपणहून जाहीर करायची माहिती कुठे आहे ते बघून घ्यावे. अर्जात ‘का’ विचारू नये, कागदाची प्रत मागावी, एवढे एक वाक्य मुलांच्या लक्षात राहिले तरी पुरे.

बारवेच्या प्रश्नाचे याच सुमारास काय झाले तेही सांगतो. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गाववार सोयींची यादी असते. १९७१ च्या पुस्तिकेत तिच्या गावापुढे पिण्याच्या पाण्याच्या रकान्यात विहिरीचे चिन्ह होते. २०११ च्या यादीत नळ, झाकलेली विहीर, उघडी विहीर, हातपंप, कूपनलिका असे वेगवेगळे रकाने आहेत. मध्ये काय झाले ते कळेना. ती दोन आठवडे ‘बारव’, ‘पाणीपुरवठा’, ‘टंचाई’ याच शब्दांभोवती फिरत होती. मग एका रविवारी तिने आजीला विचारले, आणि आजी म्हणाली, “नारू व्हायचा बाई, म्हणून बंद केली.” सोमवारी ती खिडकीवर आली ती नवा शब्द घेऊनच. नारू हा पिण्याच्या पाण्यातून होणारा जंताचा रोग. त्याचे जंतू पायऱ्यांच्या विहिरींतून पसरत, कारण पाणी भरणारा माणूस घोट्यापर्यंत पाण्यात उतरतो आणि पायाच्या फोडातून बाहेर पडणारे जंतू त्याच पाण्यात जातात. भारतात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हाती घेतला गेला, त्यात पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे किंवा त्यांना कठडा बांधून रहाटाच्या करणे हे मोठे काम होते. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. पाण्याच्या प्रश्नाचे उत्तर आरोग्याच्या कपाटात होते. शोधाचा शब्द बदलणे ही शोधातली सर्वांत अवघड पायरी असते आणि ती व्याख्यानाने शिकवता येत नाही. दोन आठवडे चुकीच्या शब्दाशी झुंजावेच लागते. सहा बैठका सलग दोन दिवसांत उरकू नयेत, मध्ये आठवडा जाऊ द्यावा, असा माझा आग्रह आहे तो यासाठी.

पाचवी बैठक संशोधन लेखांची. तीत तीन गोष्टी पुरतात. शोधगंगेवर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध विनामूल्य वाचता येतात, आणि प्रबंध अख्खा वाचायचा नसून आधी त्याची संदर्भसूची वाचायची असते, ही पहिली. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेतून जानेवारी २०२५ पासून सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत, पण पहिल्या टप्प्यात ती केंद्र व राज्य शासनाच्या संस्थांसाठी आहे आणि आपल्यासारख्या खाजगी अनुदानित महाविद्यालयांचा विद्यार्थी दाराबाहेरच राहतो. तेव्हा लेखाची मुक्त प्रत शोधणे आणि ती नसेल तर लेखकाला दोन ओळींचे सभ्य पत्र लिहून प्रत मागणे, ही दुसरी. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद केल्यामुळे नियतकालिक खरे की पैसे घेऊन काहीही छापणारे, हे ओळखण्याची जबाबदारी आता आपल्यावर आली आहे, ही तिसरी. या तिसऱ्या गोष्टीसाठी विद्यार्थ्यांबरोबर प्राध्यापकांनीही बसावे, असे मी आदरपूर्वक सुचवतो.

सहावी बैठक पारखण्याची आणि लिहिण्याची. मी इथे किल्लारीचा भूकंप घेतो, कारण ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट लातूर-धाराशिवच्या प्रत्येक घरात अजून सांगितली जाते. त्या भूकंपात किती माणसे गेली, एवढेच शोधायला सांगायचे. पाच मिनिटांत वर्गात तीन उत्तरे येतात. कुठे ७,९२८, कुठे ९,७४८, तर कुठे नुसतेच ‘दहा हजारांवर’. तीव्रतेचेही तसेच, कोणी ६.२ म्हणतो, कोणी ६.४. मग खरे काम सुरू होते. हा आकडा प्रथम कोणी दिला, केव्हा दिला, कोणत्या मोजपट्टीने दिला, आणि बाकीच्यांनी तो कोणाकडून उचलला? पहिल्या पानावर आलेले उत्तर लिहून मोकळा होणारा विद्यार्थी इथे पहिल्यांदा थांबतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटला हाच प्रश्न विचारून पाहावा, त्याने दिलेले संदर्भ तालिकेत शोधून पाहावेत. त्यातले काही संदर्भ अस्तित्वातच नसतात हे मुलांनी स्वतःच्या हाताने शोधून काढले की मला वेगळे प्रवचन द्यावे लागत नाही. वाङ्मयचौर्याबाबतही तेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य ठरवले आहे, त्यामुळे मुलांचे लक्ष टक्केवारीवर असते आणि ‘पाण्या’चे ‘जल’ केले की काम झाले असे त्यांना वाटते. त्यांना टक्का न शिकवता, वहीत टिपण घेतानाच पुस्तकाचे नाव, वर्ष आणि पान लिहायला शिकवावे.

बारवेवाल्या मुलीच्या माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर वेळेत आले. संबंधित कार्यालयाने ‘मागितलेली माहिती अभिलेखात आढळून येत नाही’ असे कळवले. तिने आपल्या अहवालात लिहिले की बारव १९८० च्या दशकात बंद झाली असावी, नेमके वर्ष सापडले नाही, आणि खाली तिने कुठे कुठे शोधले त्या सगळ्या जागांची तारीखवार नोंद दिली. तो अहवाल फक्त ११ पानांचा होता. मार्गदर्शक प्राध्यापकांनी किमान ४० पाने हवीत म्हणून तो परत केला, आणि मला त्यांच्या खोलीत जाऊन अर्धा तास घालवावा लागला.

आता वेळापत्रकाचे. १२ ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीला, आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो, म्हणजे तसबिरीला हार घालतो आणि फोटो काढतो. त्याच आठवड्यात पहिली बैठक घ्यावी. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असे सांगणाऱ्या माणसाला ते अधिक आवडले असते. मध्ये पोळा येतो, आणि महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत वर्गात चिटपाखरूही नसते, तो आठवडा सोडून द्यावा. काहीही झाले तरी माला दिवाळीपलीकडे नेऊ नये, कारण आमच्या भागातली ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले त्यानंतर एकतर आईबापांबरोबर फडावर असतात किंवा मागे राहून घर आणि धाकटी भावंडे सांभाळत असतात. वेळ सकाळी ११ ते १२.३० ठेवावी. दुपारी तीनची बैठक म्हणजे मुलींना वगळणे होय. गावाकडची एसटी चुकली की पुढची संध्याकाळी, आणि ती येईलच असे नाही. वीज व रेंज यांचा भरवसा धरू नये, लागणारी पाने आदल्या दिवशी उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावीत. संगणक चार असले तरी चालतात, पाच-पाच मुलांनी एका पडद्यासमोर भांडत शोधलेले मी पाहिले आहे आणि ते भांडण उपयोगाचे असते.

खर्च जवळपास नाही. प्राचार्य महोदयांकडे मी पैसे मागत नसून चार परवानग्या मागत आहे. उद्घाटन व समारोप नसावा. त्या दीड तासात ग्रंथपालाला परीक्षा विभागाच्या किंवा प्रवेशाच्या कामाला जुंपू नये. ज्या विभागाची तुकडी असेल त्या विभागातील एका प्राध्यापकाने सहाही बैठकांना विद्यार्थ्यांमध्ये बसावे. आणि क्षेत्र प्रकल्पाच्या गुणांपैकी थोडे गुण विद्यार्थ्याच्या शोधवहीला, म्हणजे त्याने कुठे, केव्हा, कोणत्या शब्दाने शोधले आणि काय हाती लागले किंवा लागले नाही याच्या नोंदीला द्यावेत. पानांची किमान संख्या काढून टाकली तर दुधात साखर.

ग्रंथपाल सहकाऱ्यांना एवढेच सांगतो की आपल्याला हे जमणार नाही असे मलाही वाटत होते. आपण वर्गात शिकवणारे नाही, आपल्याला बोलायची सवय नाही, आणि कित्येक महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पदच रिक्त असून एक परिचर सगळा गाडा ओढतो आहे. जिथे पद रिक्त आहे तिथे शेजारच्या तालुक्यातल्या ग्रंथपालाने सहा गुरुवार जावे आणि महाविद्यालयाने त्याला एसटीचे भाडे द्यावे. पहिल्या तुकडीत मला विद्यार्थ्यांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे ठाऊक नव्हती. मी तसे सांगितले आणि त्यांच्यासमोरच शोधायला बसलो. दोनदा चुकीच्या दिशेने गेलो तेही त्यांनी पाहिले.

माझी सहा बैठकांची टिपणे, सरावाचे प्रश्न आणि शोधवहीचा कोरा नमुना जो मागेल त्याला मी पाठवीन. त्यात आपापल्या जिल्ह्याप्रमाणे बदल करून घ्यावेत, नांदेडच्या मुलांना किल्लारीऐवजी गोदावरीचा पूर अधिक जवळचा वाटेल. आमच्याकडची यंदाची पहिली तुकडी १२ ऑगस्टनंतरच्या पहिल्या गुरुवारी सकाळी ११ वाजता ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसेल. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जरूर यावे. सत्कार होणार नाही, चहा मिळेल.

कळावे,
आपला नम्र,
एक ग्रंथपाल
जिल्हा बीड